पोश्वार पद्धतीचं फॅशनचित्र घरी कसं करावं: १९१२च्या पॅरिसची टर्बनवाली बाई, सात स्टेन्सिलांत

१९०८ साली पॅरिसमधल्या पॉल प्वारे या ड्रेस डिझायनरने आपल्या कपड्यांच्या जाहिरातीसाठी एक नवाच मार्ग धरला. पॉल इरीब नावाच्या पंचविशीतल्या व्यंगचित्रकाराकडून त्याने दहा चित्रांचा अल्बम करून घेतला आणि त्याच्या जेमतेम २५० प्रती काढल्या. खोली, खुर्च्या, भिंतीवरच्या तसबिरी हे सगळं नुसत्या रेषेत, आणि रंग काय तो बायकांच्या अंगावरच्या कपड्यांना. काही जणी तर चक्क पाठमोऱ्या. रेषा छापखान्यात छापलेली होती, पण रंग प्रत्येक प्रतीवर माणसाने हाताने भरलेला होता. पातळ पत्र्यात आकार कापायचा, पत्रा कागदावर ठेवायचा आणि वरून ब्रश फिरवायचा, हीच पोश्वार पद्धत.

अल्बम गाजला. १९११ मध्ये प्वारेने दुसरा अल्बम जॉर्ज लपापकडून करून घेतला, या वेळी एक हजार प्रती. नोव्हेंबर १९१२ मध्ये ल्युसियँ व्होजेलने 'गाझेत द्यु बाँ ताँ' हे मासिक सुरू केलं. शेरुई, दुसे, द्युये, पाकँ, प्वारे, रेडफर्न आणि वर्थ या सात पेढ्या त्याच्या पाठीशी होत्या. जाड हातकागदावर, पोश्वारने रंगवलेली चित्रं त्यात असत आणि वर्षाची वर्गणी होती शंभर फ्रँक. महायुद्धात ते बंद पडलं, पुन्हा निघालं आणि १९२५ मध्ये थांबलं. जॉर्ज बार्बिये, शार्ल मार्तँ, पिएर ब्रिसो ही मंडळी त्यात चित्रं काढत. त्याच १९२५ साली झां सोदे या पोश्वारच्या उस्तादाने या तंत्रावर सविस्तर ग्रंथ लिहिला.

या धर्तीचं चित्र घरच्या टेबलावर, बाजारात सहज मिळणाऱ्या सामानात करता येतं. करायला बसण्याआधी एक गोष्ट पक्की करा. बरेच जण आधी छान चित्र काढतात आणि मग त्याचे स्टेन्सिल पाडायला बसतात. तिथेच घोळ होतो. बाईची पोझ, चुण्या, टोपीवरचा तुरा, मागची भिंत, सगळं कटरच्या पात्याला विचारून ठरवायचं असतं. पात्याला जे नीट कापता येणार नाही, ते चित्रात ठेवायचंच नाही. जुन्या चित्रांमधला तो नेमका, मोजका थाट बराचसा या बंधनातून आलाय, असं माझं मत आहे.

आधी पाहून घ्या

अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर या काळातली फॅशनचित्रं मोठ्या आकारात, फुकट उतरवून घेता येतात. पाचसहा चित्रं घ्या आणि स्क्रीनवर मोठी करून पाहा. नाकीडोळी सुंदर आहेत का, हे पाहू नका. किती रंग वापरलेत ते मोजा. पहिल्या नजरेला पंधरा वाटतात, मोजायला गेलं की पुष्कळदा सातआठच भरतात. कागद कुठे कोरा सोडलाय ते पाहा, कारण पांढरा फर, मोती, चेहऱ्यावरचा उजेड हे बहुतेक वेळा कोऱ्या कागदाचंच काम असतं. आणि सगळ्यात गडद डाग कुठे आहे ते शोधा. बहुतेक वेळा तो एकच असतो आणि नजर तिथूनच चित्रात शिरते.

नाटक-बॅलेच्या पोशाखांची रेखाटनं, उदाहरणार्थ लेऑन बाक्स्टची, याच काळातली आणि दिसायलाही जवळची. पण ती शिंप्याला कापड कसं कापायचं ते सांगण्यासाठी जलरंगात केलेली आहेत. पोझ आणि नक्षी त्यांच्यातून जरूर उचला, रंगभरणी नको.

सामान

कागद २०० ते २२० जीएसएमचा, फार खरबरीत नसलेला. कार्ट्रिज चालतो. हातकागद वापरणार असाल तर पृष्ठभाग गुळगुळीत दाबलेलाच निवडा. खडबडीत कागदावर स्टेन्सिल टेकत नाही आणि रंग कडेखाली शिरतो.

स्टेन्सिलसाठी फ्रान्समध्ये जस्त, तांबं, अ‍ॅल्युमिनियमचे पातळ पत्रे वापरत. आपल्याला ओएचपी शीट पुरतात, पण जरा जाड मागा. फार पातळ शीट ब्रशच्या घासण्याने उचलली जाते. जुनी एक्स-रे फिल्म जाडीला उत्तम. रांगोळीचे छापे कापणाऱ्यांना हे ठाऊक असेल. तिच्यावरचा काळा थर घरगुती ब्लीचमध्ये भिजवल्यावर सुटून येतो. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, ब्लीचमध्ये दुसरं कोणतंही क्लीनर मिसळू नका आणि फिल्म भरपूर पाण्याने धुवा. निळसर पारदर्शक शीट हाती येते.

रंगाला गुवाश (अपारदर्शक जलरंग) किंवा साधे पोस्टर कलर. इंटरमिजिएटच्या परीक्षेत संकल्पचित्राचा पेपर दिलेल्यांचा पोस्टर कलरने सपाट भरण्यावर हात बसलेला असतो, त्यांना इथे निम्मा रस्ता मोकळा आहे. बाकी सामान म्हणजे पेन कटर आणि भरपूर पाती, कटिंग मॅट, मास्किंग टेप, ट्रेसिंग पेपर, पिगमेंट शाईचे ०.३ आणि ०.५चे पेन.

राहिला ब्रश. पोश्वारचा खरा ब्रश गोल, गुबगुबीत, केस एका पातळीत कापलेला असतो. आपल्याकडे दाढीचा ब्रश मिळतो तो घ्या. केस दोन सेंटिमीटर ठेवून कात्रीने सपाट कापा आणि मुळाशी दोऱ्याचे आठदहा वेढे घट्ट द्या, म्हणजे तो फिस्कारत नाही. बारीक जागांसाठी हॉग हेअरचा छोटा गोल ब्रश तसाच कापून घ्या. शक्य असेल तर प्रत्येक रंगाला वेगळा ब्रश ठेवा. धुतलेला ओला ब्रश पोश्वारचा शत्रू आहे.

बाई उभी करा

'गाझेत'चं पान साधारण २५ बाय १९ सेंटिमीटरचं असे, म्हणजे ए-फोर कागद आपल्याला बरोबर बसतो. त्यावर १८ सेंटिमीटर उंच, १४ रुंद अशी चौकट आखा. खाली दोनतीन सेंटिमीटर जागा मोकळी ठेवा, तिथे कपड्याचं नाव येईल.

बाईची उंची डोक्यापासून बुटापर्यंत १५ सेंटिमीटर धरा. नंतरच्या काळातल्या फॅशनचित्रांत बाई नऊ-दहा डोकी उंच ताणलेली असते. इथे तेवढं ताणू नका, साडेआठ पुरे. म्हणजे डोकं पावणेदोन सेंटिमीटरचं. ते लहानच वाटेल, वाटू द्या. मान लांब, खांदे उतरते, हात बारीक, पावलं निमुळती.

प्वारेची बाई ओळखू यायची ती कमरेवरून. त्याच्या आधीच्या बाईला कॉर्सेट, म्हणजे आवळून बांधायची ताठ चोळी, छाती पुढे आणि नितंब मागे ढकलून एस आकारात उभी करायचं. प्वारेने तो सांगाडा बाजूला टाकला आणि कपडा छातीखालून सरळ सोडला. म्हणून तुमचा कमरपट्टा नेहमीच्या कमरेवर आखू नका. माथ्यापासून सुमारे सव्वाचार सेंटिमीटरवर, छातीच्या अगदी खाली घ्या. तिथून खाली, माथ्यापासून दहा सेंटिमीटरच्या रेषेपर्यंत ट्यूनिक, म्हणजे सैल अंगरखा, येऊ द्या, आणि त्याच्या घेराला तार घालून तो बाहेर फुलवलेला दाखवा. हा लॅम्पशेड ट्यूनिक. २४ जून १९११ला प्वारेने 'एक हजार दुसरी रात्र' या नावाने पौर्वात्य थाटाची मेजवानी दिली, तेव्हा त्याची बायको डनीझ असा तारेचा ट्यूनिक घालून वावरत होती. त्याखाली अरुंद स्कर्ट, घोट्यापाशी आवळलेला.

डोक्यावर टर्बन. त्याचा धागा थेट आपल्याकडे येतो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात भारतीय फेट्यांचा संग्रह पाहून आपण हरखून गेलो आणि पॅरिसहून कारागीर बाईला बोलावून त्यांचे नमुने करून घेतले, असं प्वारेने आत्मचरित्रात सांगितलंय. चित्रात मात्र त्याचे टर्बन मऊ आणि कमी वेढ्यांचे दिसतात. तीन तिरप्या रेषा, त्या कपाळाच्या मध्यावर एकमेकींत शिरलेल्या, एवढ्याने काम होतं. कोल्हापुरी फेट्याचे सगळे पदर मोजून काढायला गेलात तर टर्बन जड होईल.

उभं कसं करायचं? तीन-चतुर्थांश पाठमोरी घ्या. चेहरा वळून एका बाजूने दिसतोय, पाठीची लांब रेषा सलग खाली जातेय, ट्यूनिकचा फुलवा एका बाजूला जास्त. समोरासमोर उभी बाई या पद्धतीत खेळण्यातल्या बाहुलीसारखी दिसते. शिवाय समोरून काढली की दोन्ही हातांचं काय करायचं हा प्रश्न येतो. पाठमोरीत एक हात पुढे लपतो, दुसऱ्या हातात पंखा द्या किंवा तो ट्यूनिकच्या कडेवर टेकवा.

चेहऱ्यात जीव ओतू नका. पापणीची एक जाड रेषा, भुवईची एक बारीक, नाकपुडीचा ठिपका आणि ओठांसाठी मोकळी जागा.

रेषा पक्की करून छापा

पेन्सिलवर ट्रेसिंग पेपर ठेवून शाईने रेषा काढा. शरीर आणि कपड्याला ०.५, चेहरा आणि बोटांना ०.३. एकाच रेषेत दाब कमीजास्त करू नका. या चित्रांतली रेषा तारेसारखी सारख्या जाडीची असली की शोभते. चुण्या तीन किंवा चार, आणि त्याही कमरपट्ट्यापासून निघून मध्येच संपणाऱ्या.

ट्रेसिंग ६०० डीपीआयला स्कॅन करा, निव्वळ काळं-पांढरं करा आणि लेझर प्रिंटरवर जाड कागदावर छापून घ्या. झेरॉक्सवाल्याला कागद बायपास ट्रेमधून घालायला सांगा. इंकजेट नको. तिची शाई बहुतेक वेळा ओल्या रंगाखाली सुटते आणि बाईच्या दंडावर राखाडी ओघळ येतो. लेझरचा टोनर पाण्याला दाद देत नाही. जेवढ्या चांगल्या प्रती हव्यात त्याच्या दुप्पट काढा, आणि दोनतीन साध्या कागदावर, कापणीसाठी.

रंगांची फोड

कापणीच्या एका प्रतीवर रंगीत पेन्सिलने सगळा हिशोब मांडा. आपल्या बाईला सात स्टेन्सिल लागतील. क्रमाने मागची भिंत फिकट राखाडी-निळी, मग त्वचा, मग ट्यूनिक शेंदरी, टर्बन आणि स्कर्ट पाचूसारखे हिरवे, ट्यूनिकच्या चुण्यांसाठी गडद तांबडा, केस आणि ट्यूनिकच्या घेरावरचा फर काळा, शेवटी सोनेरी नक्षी. फिकट आधी, गडद नंतर.

पहिल्याच स्टेन्सिलला अडचण येते. भिंतीचा रंग बाईच्या चहूबाजूंनी हवा. म्हणजे चौकटीएवढी खिडकी कापायची आणि मध्ये बाईच्या आकाराची शीट झाकण म्हणून ठेवायची. पण खिडकी कापली की मधली बाई सुटून हातात येते, तिला धरायला काही नाही. रांगोळीच्या छाप्यात अशा ठिकाणी बारीक टाके ठेवतात, पण इथे टाक्याची पांढरी फट भिंतीवर उघड दिसेल.

उपाय चित्रातच करायचा. टर्बनवरचा तुरा थेट वरच्या चौकटीला टेकवा आणि बुटाचं टोक खालच्या चौकटीला. आता बाईमुळे भिंतीचे डावा आणि उजवा असे दोन स्वतंत्र भाग झाले. दोन खिडक्या कापा, मधली बाई वर तुऱ्याने आणि खाली बुटाने शीटला जोडलेली राहते. तुरा निदान चार मिलिमीटर रुंद ठेवा, नाहीतर ब्रशच्या ओढीने तिथेच वाकेल. हात आणि कंबर यांच्यामध्ये भिंत दिसत असेल तर ती तिसरी छोटी खिडकी, तिची काळजी नाही. तुरा एवढा उंच का, असं कुणी विचारलं तर फॅशन म्हणून सांगा.

जिथे हे जमत नाही तिथे एका रंगाचे दोन स्टेन्सिल करा. अर्धा आकार एकात, अर्धा दुसऱ्यात. टाक्यांपेक्षा ते बरं. सोदेसारख्या कारखानदारांकडे एकेका चित्राला तीस-तीस स्टेन्सिलही लागत.

रंगाची हद्द काळ्या रेषेच्या मधोमध घ्या, आत किंवा बाहेर नको. शेजारचा रंगही त्याच मधल्या रेषेपर्यंत आला की दोघांची सीमा टोनरखाली लपते. काळी रेषा नसलेल्या ठिकाणी, म्हणजे शेंदरीवरच्या गडद चुणीत, गडद रंग सरळ शेंदरीवरच बसवा. गडदाखाली फिकट चालतो.

कापणी

सगळ्या शीट ए-फोरच्याच ठेवा आणि सगळ्यांचा वरचा डावा कोपरा तोच माना. खाली कापणीची प्रत, वर शीट, दोन्ही कोपऱ्याला नेमकी जुळवून टेपने पक्की. शीटवर कोपऱ्यात मार्करने आकडा आणि रंग लिहा. आकडा सुलटा वाचता आला म्हणजे शीट सुलटी आहे, ही खूण पुढे फार कामाला येते.

पातं नवं घ्या आणि बोथट वाटायच्या आतच बदला. वळणावर कटर फिरवू नका, मॅटसकट शीट फिरवा. पातं नेहमी आपल्याकडे ओढायचं, दुसरा हात त्याच्या वाटेबाहेर. टोकदार कोपऱ्यात दोन्ही काप एकमेकांना केसभर ओलांडू द्या, म्हणजे तुकडा आपसूक पडतो. तो ओढून काढलात तर कोपरा फाटतो. आधी बारीक जागा कापा आणि मोठ्या खिडक्या शेवटी, नाहीतर शीट लिबलिबीत होते. चुकीचा काप गेला तर दोन्ही बाजूंनी पारदर्शक टेप लावून पुन्हा कापा. शेवटी शीट उलटी करून कापलेल्या कडांवरून बारीक पॉलिश पेपर हलका फिरवा. कडेला राहिलेली कसर निघाली नाही तर शीट कागदाला टेकत नाही.

सोनेरी नक्षीसाठी इरीबचं गुलाबफूल घ्या. प्वारेच्या कपड्यांच्या लेबलवर हेच फूल असे, आणि पुढे त्या काळाच्या सजावटीत ते सगळीकडे दिसू लागलं. पाकळ्या, देठ, दवबिंदू असलं काही त्यात नाही. साधारण गोल आकार आणि आत एकात एक बसलेल्या वळणदार कोरी, एवढंच. कापायला बसलात की ते स्टेन्सिलला इतकं सोयीचं का, ते बोटांना समजतं. एक सेंटिमीटरचं वर्तुळ काढा. मध्यभागी स्वल्पविरामाएवढा एक आकार. त्याच्या उजवीकडून खाली एक कोर, डावीकडून वर दुसरी, मग बाहेरून त्यांना वेढणाऱ्या आणखी तीन, प्रत्येकीची टोकं निमुळती आणि शेजारणीच्या पोटाशी संपणारी. प्रत्येक दोन कोरींमध्ये निदान एक मिलिमीटर शीट शिल्लक राहिली पाहिजे. ही शिल्लक पट्टीच फुलाची रेषा होते, तिथे खालचा शेंदरी दिसतो. अशी सहासात फुलं ट्यूनिकवर पसरा, आणि काठाशी एकदोन अर्धीच कापा. सगळी फुलं अख्खी बसवली की कापडाऐवजी भिंतीवरच्या कागदासारखं दिसतं.

जुळणी

जाड पुठ्ठ्याच्या किंवा माउंटबोर्डच्या दोन पट्ट्या एका फळीवर काटकोनात चिकटवा. छापलेला कागद या कोपऱ्यात सरकवून बसवायचा, त्यावर स्टेन्सिल त्याच कोपऱ्यात, आणि स्टेन्सिलची वरची कड मास्किंग टेपने फळीला बिजागरीसारखी जोडायची. कागद बदलताना स्टेन्सिल वर उचला, खालचा कागद काढा, दुसरा सरकवा. प्रिंटरने कागदावर रेषा थोडी इकडेतिकडे छापलेली असते, ती अर्धा मिलिमीटर सहज सरकते. म्हणून कोपऱ्यावर आंधळा विश्वास नको. दर वेळी बाईचा कमरपट्टा आणि बूट या दोन ठिकाणी नजर टाकून मगच ब्रश उचला.

रंग

एका रंगाचं काम सगळ्या प्रतींवर उरकायचं, मग दुसरा रंग. म्हणून लागेल त्यापेक्षा जास्त रंग एकदाच कालवा आणि झाकणाच्या डबीत ठेवा. मध्येच संपला तर तीच छटा पुन्हा मिळत नाही. गुवाशचा फिकट रंग वाळल्यावर थोडा गडद होतो आणि गडद थोडा उजळतो, तेव्हा आधी कपट्यावर लावून, पूर्ण वाळू देऊन मगच ठरवा. बाटलीतला पोस्टर कलर जवळजवळ तसाच घ्या, पाणी थेंबाथेंबाने.

ब्रश रंगात टेकवा आणि मग जुन्या वर्तमानपत्रावर गोल गोल घासून बहुतेक रंग काढून टाका. मन मानत नाही, पण काढा. कागदावर ब्रश कोरडा सरसर आवाज करत फिरला पाहिजे. सुरुवात शीटवरून करा आणि कडेकडून आत या. आतून कडेकडे ढकललेला रंग शीटखाली घुसतो. हलक्या हाताने लहान लहान वर्तुळं, दोन किंवा तीन फेऱ्यांत. पहिली फेरी फिकी आणि ठिपकेदार दिसते म्हणून लगेच रंग वाढवू नका. अर्धा मिनिट थांबा आणि पुन्हा त्याच कोरड्या ब्रशने जा.

भिंतीचा रंग अगदी एकसारखा नसला तरी बिघडत नाही. मूळ चित्रांतही मोठ्या जागेत ब्रशच्या फेऱ्या दिसतात, आणि मला तर त्या आवडतात. त्वचेला पांढऱ्यात थोडा पिवळा आणि चिमूटभर शेंदरी. गालावर लाली हवी असेल तर तेच स्टेन्सिल ठेवून छोटा, जवळपास कोरडा ब्रश एकदाच टेकवा. ओठ मी बारीक ब्रशने हातानेच लावते, दोन मिलिमीटरच्या भोकासाठी आठवं स्टेन्सिल कोण कापणार!

सगळी गंमत शेंदरी ट्यूनिकमध्ये आहे. संपूर्ण आकार हलक्या शेंदरीने भरून घ्या, वाळू द्या. स्टेन्सिल न हलवता ब्रशवर किंचित गडद शेंदरी घ्या आणि फक्त घेराच्या बाजूने, तारेने फुललेल्या कडेवर फिरवा. कमरपट्ट्याकडे येताना दाब कमी करत करत ब्रश उचला. शेंदरी घेरापाशी दाट आणि वर हळूहळू विरळ झाला की सपाट आकाराला एकदम गोलाई येते, एकही सावली न काढता. हे फक्त एकाच कपड्याला करा. टर्बनलाही केलं, स्कर्टलाही केलं, तर चित्र फुग्यांचं दुकान होतं.

हिरव्याला काही सांगण्यासारखं नाही, सपाट भरा. गडद चुण्यांना ब्रश जवळपास रिकामा ठेवा. फर काळा, पण त्याच्या स्टेन्सिलची बाहेरची कड करवतीसारखी दातेरी कापलेली असली पाहिजे आणि ब्रश गोल न फिरवता उभा टेकवायचा, ठोकल्यासारखा. सोनेरीसाठी पोस्टर कलरमधला सोनेरी किंवा अ‍ॅक्रिलिक दोन्ही चालतात. डबी ढवळत राहा, चमक तळाशी बसते. जुन्या पोश्वारांतही सोनेरी-चंदेरीची हौस दिसते.

भिंत फारच कोरी वाटली तर शाळेत पानं ठेवून करायचो तसा टूथब्रशचा फवारा मारा. बाई झाकायला पहिलंच स्टेन्सिल तयार आहे.

पावसाळ्यात हे काम करणार असाल तर दोन रंगांमध्ये घाई नको. वर कोरडा वाटणारा रंग खाली ओला असतो आणि पुढचं स्टेन्सिल उचलताना त्याला घेऊनच येतं. कागद वळत असेल तर रात्री दोन स्वच्छ कागदांमध्ये घालून जाड पुस्तकांखाली ठेवा.

बिघडलं तर

रंग कडेखाली गेला असेल तर पुसू नका. पूर्ण वाळू द्या आणि नव्या पात्याच्या पोटाने हलकेच खरवडा. दोन रंगांत पांढरी फट राहिली तर बारीक ब्रशने भरा. फट सगळ्याच प्रतींवर एकाच जागी असेल तर स्टेन्सिल सरकलेलं नाही, कापच चुकलाय. रंगाची कड उंच, गोठल्यासारखी झाली तर ब्रशवर रंग जास्त होता. एखादी प्रत अगदीच हाताबाहेर गेली तर पुढच्या रंगाची चाचणी तिच्यावर करा.

जुनं चित्र विकत घेताना

हे एकदा स्वतः केलं की बाजारातलं अस्सल पोश्वार ओळखणं सोपं जातं. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. ऑफसेटने छापलेल्या नकलेत रंग बारीक ठिपक्यांचा बनलेला दिसतो. पोश्वारमध्ये रंगाला ठिपके नसतात, ब्रशच्या केसांचे ओरखडे असतात आणि आकाराच्या कडेला रंग किंचित साचलेला असतो. कागद तिरपा धरून उजेडात पाहा, रंग पृष्ठभागावर बसलेला जाणवतो. दोन रंगांच्या मध्ये कुठेतरी केसभर फट किंवा चढाव सापडला तर बिचकू नका, हाताच्या कामात तेवढं व्हायचंच.

फ्रेम आणि विक्री

वर वॉर्निश किंवा फिक्सेटिव्ह मारू नका. गुवाशचा पिठूळपणा जातो आणि रंग काळपट होतात. फ्रेमवाल्याकडे आम्लमुक्त माउंट मागा, म्हणजे काच चित्राला चिकटणार नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत काचेला टेकलेल्या कागदावर बुरशी लवकर धरते. बाहेरच्या भिंतीवर आणि उन्हासमोर टांगू नका. स्टेन्सिल लगेच ओल्या फडक्याने पुसून, सपाट, मध्ये कागद घालून ठेवा.

दुसरं चित्र पुरुषाचं करायचं असेल तर बर्नार बुते द मोंव्हेलकडे पाहा. 'गाझेत'च्या चित्रकारांपैकी हा पट्टीने आखल्यासारखी कडक रेषा काढणारा. इंदूरचे यशवंतराव होळकर यांचं चित्र त्याने १९२९ मध्ये पाश्चात्त्य संध्यापोशाखात रंगवलं आणि पुढे पुन्हा एकदा मराठा पोशाखात, पगडीसह. ती तैलचित्रं आहेत, पण त्यांतले स्वच्छ सपाट आकार पाहून स्टेन्सिलची फोड करण्याचा सराव छान होतो. पांढऱ्यावर पांढरा पोशाख कसा सोडवायचा, ते तिथे शिकावं.

विकायचं असेल तर पेन्सिलने खाली प्रतीचा क्रमांक आणि सही करा. स्वतःची बाई स्वतः काढली असेल तर प्रश्नच नाही. जुन्या चित्राची हुबेहूब नक्कल विकणार असाल तर मात्र कलाकार कधी वारला ते पाहा. भारतात त्यानंतर ६० वर्षं हक्क राहतो. बार्बिये १९३२ मध्ये, शार्ल मार्तँ १९३४ मध्ये, इरीब १९३५ मध्ये गेले, त्यांची चित्रं मोकळी आहेत. लपाप १९७१ पर्यंत जगला, त्याच्या नकला विकायला २०३२ उजाडावं लागेल. फ्रान्समध्ये मुदत ७० वर्षांची, तेव्हा परदेशी गिऱ्हाईक असेल तर तोही हिशोब करा.